‘नावावर होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडून कॅराव्हॅन घेऊ नका

‘एकच मालक, मशीन ओके, आतून फाइव्ह स्टार, नावावर होऊन जाईल.’

गेल्या दोन-अडीच महिन्यांत ही ओळ मला पाच जणांनी पाठवली. पाचही वेळा सोबत फोटो तोच, फक्त गाडीचा रंग वेगळा. ट्रॅव्हलरसारखी लांब गाडी, आत सनमायका मारलेला ओटा, सिंक, दोन बंक, पिवळ्या लायटींच्या माळा. मागचं दार उघडं आणि समोर कुठल्यातरी धरणाचं पाणी. विचारणारे सगळे आपल्याच भागातले. कुणी निमगाव सावाचा, कुणी बेल्ह्याकडचा, एक जण आंबेगाव तालुक्यातला. प्रश्नही एकच. ‘दादा, जुनी कॅराव्हॅन मिळतीय, घेऊ का? शेतावर लावतो. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची पार्टी आली तर रात्रीचे चार-पाच हजार कुठं गेले नाहीत.’

प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांनी विसार दिलाय त्यांनी आधी वाचा, बाकीच्यांनी सवडीनं वाचा.

आधी एक खरी गोष्ट. पोराचं नाव-गाव सांगणार नाही, त्याला आधीच पुरेसा ताप झालाय. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. ज्यांचा माल नेमका त्या पंधरवड्यात निघाला त्यांच्या हातात पहिल्यांदाच एकरकमी पैसा आला. कुणी कर्ज फेडलं, कुणी घराचा स्लॅब टाकला. या पोरानं पर्यटनाचा धंदा करायचं ठरवलं. विचार वाईट नव्हता. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट हाताशी, खोडदची दुर्बीण बघायला येणारे वेगळे. त्यानं सहा लाख ऐंशी हजाराला एक तयार कॅराव्हॅन घेतली. पन्नास हजार विसार, बाकीचे गाडी ताब्यात घेताना रोख. एजंटानं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, सह्या केलेले कोरे टीटीओ फॉर्म हातात ठेवले आणि म्हणाला, ‘नावावर होऊन जाईल.’

नाही झाली. आरसीवर लिहिलं होतं शैक्षणिक संस्थेची बस. सतरा सीट. प्रत्यक्षात गाडीत चार सीट, एक पलंग, एक संडास. फिटनेस संपलेला. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरवलेलाच नव्हता. आरसीवरचा मालक दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि त्यानं गाडी विकली होती तिसऱ्यालाच. एजंट साखळीतला चौथा. पासिंगला नेली तेव्हा साहेबांनी सरळ सांगितलं, गाडी होती तशी करून आणा. सीटा कुठंयत? भंगारात. आज ती गाडी बांधावर उभी आहे आणि आत लसणाच्या जुड्या टांगल्यात.

आता मला सांगा, यात फसवलं कुणी? एजंटानं, हे तर उघड आहे. पण एजंटाला फसवायला मोकळं रान कुणी दिलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, तिच्यात मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळातल्या एका प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा. आणि हे मालकावर आहे. ज्यानं वेल्डिंग मारलं त्याच्यावर नाही, ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यावर.

म्हणजे कॅराव्हॅन बेकायदेशीर आहे का? अजिबात नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी देशात वेगळं मानक आहे, एआयएस-१२४ नावाचं. असल्या मानकांवर गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीला लागून आहे. रीतसर मंजुरी घेऊन बांधलेल्या गाडीच्या आरसीवर ‘व्हेईकल क्लास’ या रकान्यात कॅम्पर व्हॅन असं स्वच्छ लिहिलेलं असतं. त्यातही दोन प्रकार. एक खासगी वापराची, पांढऱ्या पाटीची. दुसरी भाड्यानं द्यायची, पिवळ्या पाटीची. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं फिरवली तर परमिटशिवाय धंदा केला असा अर्थ होतो. कलम १९२-अ प्रमाणे त्याला दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा पाच हजार रात्रीचा हिशेब करणाऱ्या मित्रांनो, गाडीतला गालिचा बघण्याआधी पाटीचा रंग बघा.

यावर एजंटाचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते मला दोघांनी जसंच्या तसं ऐकवलं. ‘गाडी हलवायचीच नाही ना भाऊ! शेतात उभी करायची. आरटीओ शेतात येतोय व्हय?’

छान. हलवायचीच नसेल तर सात लाखांचं इंजिन, गिअरबॉक्स आणि सहा टायर कशाला विकत घेताय? मग ती गाडी नाही, ती पत्र्याची खोली झाली. तेवढ्याच पैशात दोन चांगल्या खोल्या न्हाणीघरासकट बांधून होतात. शेतावर पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात नोंदणी करता येते. खोलीला थर्ड पार्टी इन्शुरन्स लागत नाही, बॅटरी उतरत नाही आणि उंदीर वायरिंग खात नाहीत. बरं, गाडी निदान घरापर्यंत तर चालवत आणावीच लागते. पुण्या-मुंबईपासून इथवर ती कुणाच्या जिवावर येते? तुमच्याच.

बेल्ह्याच्या बैलबाजारात आपला शेतकरी बैल घेताना काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, पावती घेतल्याशिवाय दावं सोडत नाही. झूल बघून बैल घेणाऱ्याला गाव वर्षभर हसतं. आणि तोच माणूस गाडीच्या बाबतीत झूलच तेवढी बघतो. लायटीच्या माळा, इंडक्शन, टीव्ही, बस्स!

तमाशाच्या फडावर बरीच वर्षं गाडी चालवलेला एक ड्रायव्हर नारायणगावात मला भेटला होता. फडाच्या गाड्या म्हणजे या भागातल्या खऱ्या कॅराव्हॅन. माणसं त्यातच झोपतात, पेट्या-पडदे त्यातच, आठ महिने घर तेच. त्यांना कुणी कॅराव्हॅन म्हटलं नाही आणि त्यांचे रीलही कुणी केले नाहीत, हे जाता जाता. तर तो म्हणाला, ‘जुनी गाडी घेताना मालक आधी गाडीखाली झोपायचा, मग गाडीत बसायचा.’ गाडीखाली काय दिसतं? चासीचा गंज दिसतो. पाटे एका बाजूला बसलेत का ते दिसतं. मोरीचं पाणी झिरपून फ्लोअर सडलंय का ते कळतं. घरगुती कारागिरीच्या कॅराव्हॅनमध्ये हेच पहिलं जातं, कारण वर टाइल्ससारखा चकचकीत व्हिनाइल आणि खाली भिजलेला प्लाय. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर तुम्ही बाहेर या. चासी नंबरावर पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी ताडून बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आतून मेलेलं असतं.

वजनाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. दोनशे लिटर पाण्याची टाकी भरली की दोनशे किलो. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या, शंभराच्या वर. अठरा एमएमचा आठ बाय चारचा प्लाय एकेक तीस-पस्तीस किलोचा, असे दहा लागले तर तीनशेच्या पुढं. त्यात टपावर एसी आणि सोलर पॅनल, आत फ्रिज, सिलिंडर, भांडीकुंडी आणि सहा माणसं. सीटा काढल्या हे खरं, पण सीटा दोन्ही बाजूंना सारख्या वाटलेल्या असतात. आपला कारागीर टाकी, बॅटरी आणि संडास तिन्ही एकाच बाजूला घालतो, का तर पाइप कमी लागतो. अशी एका अंगाला झुकलेली गाडी पावसाळ्यात माळशेजला उतरवून बघायची हौस असेल त्यानं एकट्यानं बघावी, घरची माणसं नेऊ नयेत. आपल्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. ऊस, कांदा, टोमॅटो रोज मोजतो. गाडी टाकी भरून काट्यावर घ्या, आधी पुढची चाकं मग मागची, आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडा. एजंट ‘कशाला उगाच’ म्हणाला की समजा काय ते.

आणि आता जिवाचं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. अपघात नाही, मारामारी नाही. जनरेटर चालू ठेवून एसी लावून झोपले होते. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला, असं तपासात निघालं. या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. मी बघितलेल्या एका ‘फाइव्ह स्टार’ गाडीत तर जनरेटर मागच्या डिकीतच बसवला होता आणि डिकी व पलंगाच्या मधे नुसता प्लाय होता. दुसरीत घरगुती गॅसची लाल टाकी ओट्याखाली, बाजूला इन्व्हर्टर. खिडक्या सगळ्या फिक्स काचेच्या. गॅस गळला तर खाली जमिनीलगत साचतो, आणि तिथं बाहेर जायला भोकच नाही. हे मी पत्रकार म्हणून सांगत नाही, घरात गॅस वापरणारी कुणीही मावशी हे सांगेल. मंजूर गाडीत या गोष्टी कुणीतरी तपासलेल्या असतात. जुगाडात तपासणारा कोण? तुम्ही आणि तुमच्याकडं पैसे देऊन झोपायला आलेला पाहुणा. काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न काय विचारणार? आरसीवर जे लिहिलंय तीच ही गाडी आहे का? बसच्या नावाखाली फिरणाऱ्या पलंगावर नुकसानभरपाई मागायला जाल तेव्हा वकील आधी फी मागेल.

मी हे बोललो की काही जण म्हणतात, ‘गरिबाच्या पोरानं काही करायला घेतलं की तुम्ही कायदा दाखवता.’ उलट आहे, राव. २०१८ मध्ये शासनानं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. फटाके वाजले, आम्ही बातम्या लावल्या. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्कची पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी, मुद्रांक शुल्कात सवलत, जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात सूट, असं सगळं आहे. ज्याच्याकडं नवी कोरी मंजूर गाडी घ्यायला पैसा आहे त्याच्यासाठी सगळं छापून तयार. ज्याच्याकडं सहा-सात लाख आहेत आणि जो जुनी गाडीच घेऊ शकतो, त्यानं कुठल्या खिडकीवर जायचं? आधीच बदल केलेली गाडी नियमात आणता येते का, येत असेल तर कुणाकडून तपासून, किती खर्चात? मी विचारत फिरलो. आमच्या तालुक्यात एका कागदावर हे लिहून देणारा माणूस मला भेटला नाही. कायदा आहे, पण तो गाडी घेतल्यानंतर भेटतो. घेण्याआधी भेटतो तो एजंट. सरकारनं ही जागा मोकळी सोडली म्हणून एजंट तिथं खुर्ची टाकून बसलाय.

बरं, या एजंटांसाठीही नियम आहे. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणं लावलं. गाडी त्याच्या ताब्यात आली की त्याची ऑनलाइन कल्पना द्यायची, विकेपर्यंत जबाबदारी त्याची. पोल्ट्रीच्या शेडमागं चार गाड्या लावून फेसबुकवर धंदा करणाऱ्या किती जणांकडं हे पत्र आहे? विचारून बघा एकदा. चेहरा बघण्यासारखा होतो.

विकणाऱ्यांनाही सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींच्या जुन्या स्कूलबस, जुन्या रुग्णवाहिका याच लाइनीत जाणार आहेत. गाडी दिली, पैसे घेतले, सुटलो, असं नसतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तोच मालक, मधे कितीही जणांनी ती विकत घेतलेली असो. त्या गाडीचाही हात असाच एकाकडून दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं गेला होता. म्हणजे कोऱ्या टीटीओवर सही करून देणारा माणूस स्वतःच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचा अपघात चढवून घेतोय. फॉर्म २९ आणि ३० वर तारीख, घेणाऱ्याचं नाव, पत्ता लिहूनच सही करा. त्याच राज्यात विकली असेल तर चौदा दिवसांच्या आत कळवा. घेणाऱ्याला तीस दिवस आहेत. आणि विमाही आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची फुल पॉलिसी म्हणजे तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे तुम्हाला, असा अर्थ आपोआप होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फोटोत कधीच दिसत नाही. संडासाची टाकी. ती भरते. मग रिकामी कुठं करायची? आपल्या तालुक्यात त्यासाठी ठरवून दिलेली जागा मी शोधली, मला सापडली नाही. मग ती कुठं रिकामी होते ते धरणाकाठी पहाटे फिरायला जाणाऱ्यांना विचारा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावचं डिंभे. कुकडी प्रकल्पाचं हे पाणी आपण पितो आणि पुढं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. धरणाच्या फोटोवर गाडी विकायची आणि त्याच धरणात टाकी सोडायची, याला पर्यटन म्हणतात का? पर्यटन तालुका जाहीर करणाऱ्यांनी कमानी उभारण्याआधी एक पक्की टाकी आणि एक नळ उभारला असता तर तेवढ्यानं काम झालं असतं.

बिबट्याचं वेगळं सांगायला नको. उसाच्या कडेला गाडी लावून बाहेर चुलीवर कोंबडी भाजायची आणि पोरं अंधारात खेळायला सोडायची, हे जाहिरातीत छान दिसतं. जुन्नरला राहणारा माणूस हे करत नाही. मुंबईहून आलेल्याला ते माहीत नसतं, आणि त्याला सांगायची जबाबदारी ज्यानं पैसे घेतले त्याची.

आता माझं म्हणणं. जुनी कॅराव्हॅन घेऊ नका असं मी म्हणत नाही. आरसीवर कॅम्पर व्हॅन लिहिलेली जुनी गाडी मिळाली, बोजा नाही, फिटनेस चालू, आरसीवरचा मालक स्वतः समोर उभा, तर घासाघीस करून जरूर घ्या. चांगली गाडी आहे, चांगला धंदा होऊ शकतो. पण विसार देण्याआधी गाडीचा नंबर घ्या आणि परिवहनच्या अॅपवर टाका. पाच मिनिटं लागतात. क्लास, नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, फायनान्स, सगळं दिसतं. ई-चलनंही बघा. नंबर द्यायला जो का-कू करतो त्याच्या दारात चहासुद्धा घेऊ नका.

आणि तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींना, परिवहन आणि पर्यटन खात्याला मी पत्र देतोय. त्यात तीनच मागण्या आहेत. बदल केलेल्या जुन्या गाड्यांचं काय करता येतं आणि काय येत नाही, हे मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. जुन्या गाड्यांच्या डीलरांची अधिकारपत्रं तपासा आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांची यादी जाहीर करा. टाकी रिकामी करायला निदान एक जागा द्या.

पत्राला जोडायला पुरावे हवेत. ज्यांच्या शेतात अशी गाडी उभी आहे त्यांनी आरसीची झेरॉक्स नाव झाकून मला पाठवा, कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही. आत्तापर्यंत तीन आल्यात. एक शाळेची बस, एक रुग्णवाहिका, एक मालवाहू टेम्पो. तिन्ही ‘कॅराव्हॅन’ म्हणून विकलेल्या.